शेवंतीबायची अर्धी वाट

फार वर्षांपूर्वी, काळथरच्या किनाऱ्यावर अजून एकाही घराला कौलं नव्हती तेव्हा, तिथे शेवंतीबाय नावाची एक बाई राहायची. ती रापणीच्या दोरावर असायची. रापण म्हणजे गावाचं भलंमोठं जाळं. होडीतून ते समुद्रात गोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूत उभं राहून साऱ्या गावानं ओढायचे. शेवंतीचा हात दोरावर पडला की जाळ्यात काय आहे ते तिला कळायचं, असं म्हणतात.

तिचा नवरा धाकू टेहळ्या होता. तो टेकडीच्या माथ्यावर बसायचा. समुद्रात मासळीचा काळा डाग दिसला की काठीला बांधलेलं पांढरं फडकं हलवायचा. माथ्यावरून त्याला सगळा समुद्र दिसायचा, फक्त बायकोचं तोंड दिसायचं नाही. संसार सुखाचा झाला तो त्यामुळेच, असंही म्हणतात.

गावाचा एक नेम होता. हंगाम सुरू झाला की वरच्यानं ओढीच्या वेळी खाली यायचं नाही आणि खालच्यानं वर जायचं नाही. टेहळ्याचे पाय भिजले तर त्याची नजर जाते आणि दोरवाली डोंगर चढली तर तिच्या हाताची जाण जाते, अशी समजूत होती. कोणी घातला हा नेम? का घातला? मला विचारू नका. मी ज्यांना विचारलं त्यांनी मलाच उलट विचारलं.

एका सकाळी धाकूनं फडकं हलवलं. पाण्यात मोठा काळा डाग होता आणि त्यात पांढरे ठिपके चमकत होते. बांगड्यांचा थवा! जाळं पडलं, दोर किनाऱ्याला आले आणि गाव ओढायला लागलं. पण जाळं काही हलेना. शेवंतीनं दोरावर हात ठेवला. दोर गप्प होता. मासळीची थरथर नाही, काही नाही.

"ओढू नकात रे! जाळा खडकाक अडाकला हा!" ती ओरडली.

वर फडकं जोरजोरात हलत होतं. ओढा, ओढा! अर्ध्या गावानं फडक्याचं ऐकलं, अर्ध्यानं शेवंतीचं. निम्मे ओढतात, निम्मे त्यांनाच धरून ठेवतात, असा सगळा गोंधळ. तेवढ्यात शेवंती आणि धाकूचा एकुलता एक मुलगा म्हादू कंटाळून होडी घेऊन निघाला. कुठे अडकलंय ते बुडी मारून बघतो, म्हणाला. बरा धडधाकट गडी होता, पोहण्यात कोणाला ऐकणारा नव्हता. जाळ्यापाशी जाऊन तो पाण्यात उतरला.

शेवंतीचा संताप संताप झाला. नेम गेला खड्ड्यात, म्हणत ती केवड्याच्या घळीतून टेकडी चढायला लागली, नवऱ्याला जाब विचारायला. तिकडे धाकूचंही डोकं फिरलं होतं. तोही नेम मोडून देवळाच्या पायऱ्यांनी खाली निघाला, बायकोला जाब विचारायला. वाटा दोन, त्यामुळे भेट झालीच नाही.

धाकू वाळूत आला. त्यानं जन्मात पहिल्यांदा दोर हातात घेतला आणि त्याचा चेहरा पडला. "ह्यो तर खडक रे!"

त्याच वेळी माथ्यावरून शेवंतीची किंकाळी आली. "अगे बाय गे! बांगडेच ते!" आणि तिनं फडकं हलवलं.

गाव वेडं व्हायचंच बाकी राहिलं. "आता ऐकाचा तरी कोणाचा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं आणि तो वाळूत खाली बसला.

पण शेवंतीला वरून आणखी एक गोष्ट दिसली. त्या काळ्या डागाला लागून एवढासा ठिपका होता, तो म्हादू. नजर काढली तर पोर हरवेल, असं तिच्या मनानं घेतलं. माथ्यावर थांबवेना आणि नजरही काढवेना. म्हणून ती समुद्राकडे बघत बघत, आडव्या पायांनी उतरायला लागली. काट्यांनी पोटऱ्या फाटल्या, दोनदा पडली, पण नजर तशीच.

अर्ध्या वाटेवर ती थबकली. इथून डाग दिसत होता आणि वाळूतला दोरही दिसत होता. चमकणारे ठिपके एकमेकांना ओलांडत नव्हते. थव्यात तर मासळी सारखी पुढेमागे होते. मग डागाचं एक टोक हललं आणि त्याच क्षणी दोर थरथरला. थवा नव्हे, खडक नव्हे. अंगावर पांढरे ठिपके असलेला तो एकच मासा होता, होडीच्या कितीतरी पट लांब, आणि तो आता जागा होत होता.

"सोडा! दोर सोडा! एकच मासो तो! म्हादू, सोड!"

म्हादूनं जाळं मुठीत धरलं होतं. श्वास घ्यायला तो वर आला, हाक ऐकली आणि त्यानं वर बघितलं. आई वाळूत नव्हती, माथ्यावरही नव्हती. जिथे कधीच कोणी उभं राहिलं नाही तिथे उभी होती. तो इतका चक्रावला की त्याची मूठच सुटली. "आवस खंय उभी रवली हा, ताच माका समाजला नाय," असं तो जन्मभर सांगायचा.

खाली धाकूनं दोर सोडला. का सोडला, हे त्यालाही कळलं नाही. बाकीच्यांनी त्याचं बघून सोडला. समुद्र एकदा उंच झाला, परत सपाट झाला, आणि तो मासा गावाचं जाळं अंगावर पांघरून निघून गेला. म्हादू पोहत किनाऱ्याला लागला. धाकूनं त्याला मिठी मारली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

हंगामाच्या शेवटी जाळं आपोआप वाळूत येऊन पडलं, एकही गाठ न सुटता, असं म्हणतात. त्यात बांगडे होते, असंही म्हणतात. धाकूला तेवढंच समाधान.

पुढे शेवंती रोज त्या अर्ध्या वाटेवर जाऊन उभी राहायची. तो मासा होता की आणखी काही, असं कोणी विचारलं की तिचं एकच उत्तर असायचं, "अजून बघतंय."

ती गेल्यावर लोकांनी तिथे दगड मांडायचं ठरवलं. पण अर्धी वाट नेमकी कुठे? वरून मोजणारे म्हणाले इथे, खालून मोजणारे म्हणाले तिथे. शेवटी दोन दगड मांडले. आजही काळथरात पहिली रापण पडायच्या आधी टेहळ्या खाली येऊन दोराला हात लावतो आणि दोरवाली माथ्यावर जाऊन समुद्र बघते. मग सारं गाव एका दगडापाशी नारळ फोडतं आणि त्याची एक कवड, म्हणजे अर्धा नारळ, दुसऱ्या दगडाकडे नेतं. मधल्या वाटेत समुद्रावरून नजर काढायची नाही, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी आपटतंच. सगळे हसतात आणि पडलेल्याला विचारतात, "काय दिसला?"

आणि गुडघा चोळत, समुद्राकडेच बघत, त्यानं म्हणायचं असतं, "अजून बघतंय."