कुंची घातलेला वरवंटा

डोंगर जिथं पाय पसरून बसलाय ना, तिथं झेंडूच्या पिवळ्याधम्मक मळ्याशेजारी एक इवलंसं घर होतं. इतकं इवलं, की आत कुणी शिंकलं तर छपरावरच्या चिमण्या उडायच्या! त्यात झुंबर राहायची. नाव झुंबर, पण घरात उजेड यायचा तो छपराच्या भोकांतूनच. बाबा टोपल्या विणायचे, आई फुलं तोडायला जायची, आणि जेवायला रोज भाकरी आणि चटणी.

आणि हो, भोंग्या! अर्ध्या कानाचा तांबूस कुत्रा. कुणा दुष्टानं त्याला पिशवीत कोंबून ओढ्याकाठी टाकलं होतं. त्याचं केविलवाणं भुंकणं ऐकून झुंबर धावली, त्याला सोडवलं, हळद लावली, आपली अर्धी भाकरी दिली. तेव्हापासून कुणाच्या हातात पिशवी दिसली की भोंग्या असा काही भुंकायचा, की पोस्टमन पत्रं लांबूनच फेकून पळायचा.

आता ह्या घरात एक बाळ येणार होतं. आईच्या पोटातून नाही हां, बालगृहातून. ज्या बाळांना आईबाबा नसतात ती तिथं वाट बघत असतात. बाबांनी अर्ज केला, जुना पाळणा टांगला. झुंबर येता-जाता झोका द्यायची.

शेजारच्या शेवंताकाकू ओरडल्या, "अगं ए भवाने, रिकामा पाळणा हलवू नये! बाळाचं पोट दुखतं."

मग काय! झुंबरनं चटणी वाटायचा वरवंटा उचलला, त्याला लाल चुटुक कुंची घातली, गालावर काजळाची तीट लावली आणि दिला झोपवून. भोंग्याला वाटलं, हेच आपलं बाळ! तो पाळण्याजवळून हलेचना. आई वरवंटा घ्यायला गेली की गुर्रर्र! झालं, महिनाभर सगळ्यांना कोरडी भाकरी.

एक दिवस निरोप आला, उद्या बालगृहाच्या बाई घर बघायला येणार. घर पसंत पडलं तरच बाळ.

"बाईंच्या हातात पिशवी असणारच," काकू म्हणाल्या. "हा भुंकला की बाळ गेलंच समजा. देऊन टाका कुत्रं."

झुंबर भोंग्याला घेऊन मळ्यात जाऊन बसली. डोळ्यांतून टपटप पाणी. भोंग्या बिचारा फुलं हुंगत फिरत होता. एक टपोरा झेंडू त्यानं लप्पकन चाटला.

"ईईई! सगळी थुंकी!"

फुलातून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. जांभळे पंख, चंदेरी झगा, आणि सगळीकडे कोळ्याचं जाळं चिकटलेलं.

"दोन दिवस अडकले होते गं ह्या जाळ्यात," ती पंख झटकत म्हणाली. "तुझ्या कुत्र्यानं सोडवलं. घे, दोन इच्छा तुला. पण माणूस मागायचा नाही, माणसं आपल्या मनानं येतात. आणि कुणाचं काही काढून घेतलंस, तर ते परत द्यायला दुसरी इच्छा जाईल."

झुंबर हरखली. दुसऱ्या इच्छेनं नवं छप्पर मागायचं, असं तिनं मनात ठरवूनसुद्धा टाकलं. "पहिली ही, की उद्या भोंग्याचा आवाज बंद!"

"बघ हं," परी हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. सोनेरी चष्मा, आणि हातात ही एवढी पिशवी! भोंग्यानं तोंड उघडलं... फुस्स.

"किती शहाणं कुत्रं!" म्हणत बाई पाळण्याखालच्या चटईवर बसल्या. आईनं चहा दिला. सगळं कसं छान चाललं होतं.

पण भोंग्या वर पाळण्याकडे बघून उड्या मारायला लागला. तोंड उघडं, आवाज नाही. त्यानं झुंबरचा फ्रॉक ओढला. त्याचे डोळे भरून आले होते. झुंबरला ओढ्याकाठची ती पिशवी आठवली. 'हा भुंकला होता म्हणून मला सापडला. आणि मी त्याचं भुंकणंच घेतलं!'

बाळ? छप्पर? तिनं डोळे गच्च मिटले. "परी गं, त्याचा आवाज त्याला दे!"

"भॉऽऽभॉऽऽभॉऽऽ!"

बाई टुणकन उठून दारात. चहा सांडला. आणि त्याच क्षणी पाळण्याचा जुनाट दोर तुटला, धाडकन! बाई बसल्या होत्या नेमक्या तिथंच.

"अगं बाई, बाळ!" बाई किंचाळून धावल्या. कुंची उचलली. आत तीट लावलेला करडा गुळगुळीत वरवंटा.

"हा कोण?"

"आमचं सरावाचं बाळ," झुंबर पुटपुटली.

बाई इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की चष्मा खाली पडला. मग डोळे पुसत त्या बाबांना म्हणाल्या, "आधी नवा दोर लावा हं, मी बघायला येणार. बाकी, जिथं दगडालाही तीट लावतात आणि असा राखणदार आहे, तिथं बाळाला कसली काळजी?"

बाई पुन्हा आल्या, दोर ओढून बघितला, आणि झेंडू ऐन बहरात असताना बाळाला घेऊन आल्या. गोबऱ्या गालांचं, आठ महिन्यांचं. दुसऱ्या हातात बाळाच्या झबल्यांची पिशवी. सगळ्यांनी श्वास रोखला. भोंग्या थरथरला. त्यानं पिशवी बघितली, बाळ बघितलं. मग पिशवीचा बंद अलगद दातांत धरून त्यानं ती पाळण्याखाली नेली आणि तिच्यावर डोकं ठेवून झोपला!

"परी, तू केलंस हे?"

"छे! तुझ्या इच्छा संपल्यात की," खिडकीतून परी हसली. "हे त्याचं त्यानं केलं." तिनं एक टिचकी वाजवली. छपराचं एकेक भोक हिरव्या वेलींनी विणून निघालं, त्यांवर पिवळ्या फुलांचे दिवेच दिवे लागले. "हे मात्र माझ्याकडून!" घर सोन्यानं न्हाल्यासारखं उजळलं, आणि परी त्या उजेडातच विरघळून गेली.

त्या दिवशी घरात कित्येक महिन्यांनी चटणी झाली. पण आईनं वरवंटा हातात घेतला की भोंग्या अजूनही गुरगुरतो. शेवटी त्याचं पहिलं बाळ ना ते!