पाळण्याखालच्या चार वाट्या

“आमच्याकडे काय तपासणार, अक्का? आधी शेजारचं घर बघा ना!”

यमुनाक्का आमच्या भागातल्या जुन्या आरोग्यसेविका. दर शुक्रवारी कोरडा दिवस. हातात बॅटरी घेऊन त्या घरोघर फिरायच्या आणि साठलेलं पाणी ओतायला लावायच्या.

मी दारातच माझी पदवी घेऊन उभी. कागद हातात नव्हता, पण सूर तोच.

“खिडक्यांना जाळ्या आहेत. पाळण्यावर मच्छरदाणी. टाकीला झाकण. आणि शेजारी उघडं पिंप! त्यांची पोरगी डेंगीनं चार दिवस दवाखान्यात होती, कालच घरी आली. माझं बाळ सात महिन्यांचं आहे, अक्का...”

“त्यांना सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणजे, भांडले.”

अक्का हसल्या. “बाळ तरी बघू दे की.”

बाळ पाळण्यात स्वतःचा अंगठा चोखत होतं. पायाचा. अक्का त्याच्याशी बोलता बोलता गुडघे टेकून खाली बसल्या. बॅटरी लावली.

लाकडी पाळण्याच्या चारी पायांखाली स्टीलच्या वाट्या होत्या, पाण्यानं भरलेल्या. दुधाच्या वासानं मुंग्या चढू नयेत म्हणून मीच ठेवलेल्या.

“पाणी कुठलं?”

“फिल्टरचं!” मी अभिमानानं सांगितलं.

“बदललंस कधी?”

“बदलायचं कशाला? स्वच्छच असतं. कमी झालं की वरून घालते.”

अक्कांनी नुसतं बोट केलं. मी वाकले.

दोऱ्याच्या तुकड्यांएवढ्या अळ्या. उजेड पडताच वळवळत तळाला गेल्या.

मच्छरदाणी पाळण्यावर. डास पाळण्याखाली.

“म्हणजे शेजारच्या पोरीला... माझ्याच घरातल्या...?”

अक्कांनी तीन वाट्या अंगणातल्या तापल्या फरशीवर ओतल्या आणि काथ्यानं खसाखसा घासल्या. चौथी तशीच राहू दिली.

बाळाला हा आवाज फार आवडला. ते खिदळायला लागलं. रडू येता येता मलाही हसू फुटलं.

“पायांभोवती हळदीची रेघ ओढ,” अक्का म्हणाल्या. “मुंग्यांना तेवढं पुरतं.”

“आणि शेजारचं पिंप?”

“ते तू सांगून ये.”

“मी? त्या मला दारात उभं करणार नाहीत, अक्का. आणि आता कुठल्या तोंडानं सांगू?”

अक्कांनी चौथी वाटी उचलून माझ्या हातात दिली. बारशाची होती. आत्यानं कडेला नाव कोरून दिलं होतं, ‘चि. अद्वय’.

“बोलूच नको,” अक्का म्हणाल्या. “नुसती पुढं धर. नाव त्यांच्याकडं करून.”