तारेची टेकडी

कातळमाळच्या कॉलेजमागे ही बोडकी टेकडी दिसते ना, तिचं कागदोपत्री नाव काय ते आता कुणाला आठवत नाही. सगळे तिला तारेची टेकडी म्हणतात. वर तार काही सापडणार नाही; पाहुणे उगाच शोधत बसतात आणि चपला तोडून घेतात. तार कॉलेजात असते. ती टेकडीवर का चढली, त्याची हकिकत जुनी माणसं सांगतात ती अशी.

फार वर्षांपूर्वी इथल्या वसतिगृहात हादी नावाचा मुलगा राहत असे. समुद्रापलीकडच्या एका बंदरगावचा, घरी एकटी आई. एक दिवस पेपरात आलं की त्याच्या देशात युद्ध पेटलं आणि त्याच्याच गावावर बॉम्ब पडले. टपाल बंद, फोन बंद. हादी मेसमध्ये ताटावर बसायचा, भात चिवडायचा आणि तसाच उठायचा. आई आहे की गेली, एवढंच त्याला कळायला हवं होतं.

मग कानावर आलं म्हणे, की त्याच्या देशाचं रेडिओ केंद्र रोज संध्याकाळी वाचलेल्या माणसांचे निरोप परदेशातल्या नातेवाइकांसाठी वाचून दाखवतं. पण कॉलेज पडलं खोलगटात. रेडिओवर नुसती खरखर. पदार्थविज्ञानाचे उकिडवे सर म्हणाले, "एरियल टेकडीवर न्यायला हवी. मिळेल तेवढी तार आणा." मुलांनी कपडे वाळत घालायच्या तारा सोडल्या, प्राचार्यांनी स्वतःच्या बंगल्यातला वेलींचा मांडव मोडला. कातळात खांब रोवता येईनात. तेव्हा मुलंमुली, प्राध्यापक, मेसच्या मावश्या, सगळे प्रयोगशाळेपासून माथ्यापर्यंत रांगेत उभे राहिले आणि बांबूंवर तार उचलून धरली.

खरखरीतून हादीच्या भाषेतला आवाज आला. "लागलं," असं हादीनं प्रयोगशाळेच्या दारात येऊन सांगितलं मात्र, अख्ख्या रांगेनं टाळ्या पिटल्या. टाळ्या पिटायच्या तर हात मोकळे लागतात. बांबू आडवे, तार जमिनीवर, आवाज गडप. पुन्हा उचलेपर्यंत निरोप संपले होते.

"आपणच घात केला पोराचा," मेसच्या भागूबाई म्हणाल्या. त्या रात्री कुणालाच जेवण गेलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी रांगेत कुणी हूं की चूं केलं नाही. हादी रेडिओला कान लावून बसला. नावामागून नावं गेली, आणि मग त्याच्या आईचं नाव आलं. ती सुखरूप होती, बहिणीकडे होती, आणि पोरानं पोटभर जेवावं असं सांगत होती. हादी ढसाढसा रडला. सरांनी तार उतरवायची खूण करायला हात वर केला, तो हादीनं धरला.

"सर, थांबा. मुंबईला, पुण्याला आमच्या देशाची मुलं शिकतात. त्यांना हे ऐकू येत नसेल. मी लिहून घेतो, त्यांना कळवू."

शेवटचं नाव वाचून होईपर्यंत रांग तशीच उभी राहिली. दंड भरून आले, आनंद पोटात मावेना, पण बांबू हलला नाही. केंद्र बंद झालं आणि मग जो जल्लोष उठला, त्यानं म्हणे गावातल्या म्हशींनी दावी तोडली.

आजही दरवर्षी नवी मुलं आली की तार टेकडीवर चढते. त्यांना नियम एकच सांगतात: आपलं नाव येऊन गेलं, म्हणून बांबू खाली ठेवायचा नाही.