हिरडेवाडीच्या बंगल्याचं धुराडं

पठारावर तो काळ्या दगडाचा बंगला दिसतो ना, त्याचं छप्पर कधीच गेलं. हातभर जाड भिंती, चिंचोळ्या खिडक्या नि ताठ उभं धुराडं, एवढंच उरलंय. राहत कुणी नाही. तरी आषाढात धुकं उतरलं की त्यातून धूर निघतो. त्याचं असं सांगतात.

एक होता लुमा पाथरवट, एक त्याची बायको राही, आणि एक गोरा साहेब. साहेबाला आपल्या मुलखातल्यासारखं घर हवं होतं. लुमानं चिऱ्यावर चिरा बसवून ते उभं केलं. बैठकीच्या भिंतीत चूल, तिच्यावर धुराडं. पण एवढ्या पावसाच्या मुलखात घराला वर उघडं भोक ठेवायचं, हे काही त्याच्या मनाला पटेना. साहेब भिजेल, म्हणून कुणाला न विचारता त्यानं धुराड्याच्या तोंडावर शिळा बसवली.

पहिल्याच गारठ्यात साहेबानं जाळ केला आणि घर धुरानं कोंदलं. मडम खोकत अंगणात आली. साहेब ओरडला, "लुमा, तू माझ्या घराचा गळा दाबला!"

चारचौघांतलं ते बोलणं लुमाला लागलं. मान खाली घालून तो घाट उतरला, तो कोकणातच राहिला. साहेबही मडमेला घेऊन गेला, पुन्हा फिरकला नाही.

राही एकटी उरली. दाराशी पाऊल वाजलं की उठायची, बघायची, पुन्हा बसायची. एका पावसाळ्यात धुकं असं दाटलं की गुरं कड्यावरून खाली कोसळली. तिच्या मनात आलं, आपला माणूस आत्ताच वाटेला लागला असेल तर? नवऱ्याची छिन्नी-हातोडी घेऊन ती बंगल्यावर चढली, चुना फोडला, शिळा लोटून दिली, चूल पेटवली. तो येईस्तोवर धुक्यात हा जाळ विझू द्यायचा नाही, असं बोलली म्हणे.

"अगं राहे, ना भाकर ना कालवण, लाकडं कुणासाठी जाळतीस?" जाऊ हसायची.

"धुक्यात डोळं आंधळं व्हत्यात, जाऊबाई. नाक न्हाई व्हत."

असे किती पावसाळे गेले. मग एका सकाळी लुमा खरंच घाट चढून आला. समोर नुसतं पांढरं. पाऊल टाकणार, तोच पाठीमागून जळत्या लाकडाचा वास आला. तो थबकला, वळला. पुढं कडा होता. वासामागं चालत तो बंगल्याच्या दारात आला.

"शिळा कुणी काढली?"

"म्या."

"बरं केलंस," म्हणाला आणि जाळापाशी बसून रडला.

पुढं त्यांचा वंश वाढला, वाडीभर घरं झाली. आजही धुकं उतरलं की त्या चुलीत पहिली काडी राहीच्या घरची सून लावते. आणि त्या कुळातलं माणूस घाटात हरवल्याचं आजवर कुणी ऐकलं नाही.