पाचूनं ऐकलेली गोष्ट

पाखरं एकमेकांना गोष्टी सांगत, त्या काळची ही गोष्ट. एका पिंपरणीवर म्हातारी साळुंकी रोज संध्याकाळी पिल्लांना गोळा करी. तिची लाडकी गोष्ट एकच. राक्षसाचा जीव पिंजऱ्यातल्या पोपटात असतो, राजपुत्र त्या पोपटाची मान मुरगळतो, राक्षस मरतो आणि राजकन्या सुटते. मान मुरगळल्याचा आवाजही ती चोचीनं हुबेहूब काढून दाखवी.

त्या वर्षी झाडाच्या ढोलीत पोपटांचं बिऱ्हाड आलं. त्यांच्या पाचू नावाच्या पिल्लानं ती गोष्ट ऐकली आणि तीन दिवस ते ढोलीबाहेर आलंच नाही.

"मावशी, उडायला शिकायचे दिवस त्याचे," पाचूची आई साळुंकीला म्हणाली. "पण ते म्हणतंय, माझ्या पोटात राक्षसाचा जीव असला तर?"

 साळुंकीनं ढोलीच्या तोंडाशी बसून तीच गोष्ट पुन्हा सुरू केली. या वेळी राजपुत्रानं पिंजऱ्याचं दार उघडलं. पोपट उडाला आणि त्याच्याबरोबर राक्षसाचा जीवही पहिल्यांदाच आभाळात गेला. तिकडे महालात राक्षसाला एकदम मोकळं मोकळं वाटलं. त्यानं आपणहून राजकन्येची कोठडी उघडली.

ढोलीतून एक लाल चोच बाहेर आली. "किती उंच उडाला तो पोपट?"

"ये की बाहेर, दाखवते."

वरच्या फांदीवरचा भारद्वाज चिडला. "तुझ्या आजीच्या तोंडची गोष्ट नासवलीस!"

"आजी सांगायची," साळुंकी म्हणाली, "तेव्हा ऐकायला पोपट नव्हते."