दडपलेल्या वालांची कहाणी

ऐक महादेवा, तुझ्या सोमवारची कहाणी. हाती अक्षता घ्या बायांनो, रडती मुलं मांडीवर घ्या, आणि मधेच चूल बघायला उठू नका.

आटपाट नगर होतं, खाडीच्या काठी वसलं होतं. तिथं हरबा तांडेल राहत होता, त्याचं स्वतःचं गलबत होतं. घरी म्हातारी आई होती, आवडी नावाची बायको होती. दिवाळी सरली, हरबानं गलबतात नारळ भरले, दूरच्या बंदराला निघाला. पावसाआधी परत येतो म्हणून सांगून गेला. मग चैत्र गेला, वैशाख गेला, आभाळ भरून आलं. गावची गलबतं एकेक करून आली, किनाऱ्यावर ओढली, झावळ्यांनी शाकारली. हरबाचं गलबत आलं नाही. मग पाऊस लागला, समुद्र खवळला. आता नारळी पुनवेपर्यंत कुणी जायचं नाही, कुणी यायचं नाही, साधा निरोपसुद्धा मिळायचा नाही.

आवडीला काळजी लागली. डोळ्याला डोळा लागेना, घास गिळवेना. मग ती महादेवाच्या देवळी गेली, गुरवाला सांगून कौल लावला. कौल कसा लावायचा? तगरीच्या ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटवायच्या, मनातलं विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आवडीनं विचारलं, माझे धनी येतील का? उजवी पाकळी पडली. आवडी आनंदली, घरी आली, पोटभर जेवली. दुसरे दिवशी मनात आलं, काल ती वाऱ्यानं तर पडली नसेल? मग पुन्हा गेली, कालचा कौल खरा का म्हणून विचारलं. पुन्हा उजवी पडली. तिसरे दिवशी म्हणाली, गुरवबाबा, पाकळ्या घट्ट लावल्या होत्या ना? गुरवानं पुन्हा लावल्या. मग हे रोजचंच झालं. कधी उजवी पडे, कधी डावी पडे, कधी दोन्ही चिकटून राहत. देवाचं अंग सुकायची सोय उरली नाही, आणि गुरवाच्या दारची तगर पार बोडकी झाली. तुम्हांला हसू येतंय बायांनो, येऊ द्या. पण जिचं माणूस पाण्यावर गेलंय, तिला विचारा.

पुढं श्रावण आला, पहिला सोमवार जवळ आला. सासू म्हणाली, सूनबाई, उपास सोडायला वालाचं बिरडं हवं. आवडीनं वाल भिजत घातले, उपसले, फडक्यात बांधले, मोड यायला चुलीपाशी उबेला दडपले. आणि मनात काय योजलं? मोड आले तर धनी येतील, नाही आले तर नाही. झालं. घटकेनं उठली, गाठ सोडली, बघितलं, पुन्हा बांधली. पाणी भरून आली, गाठ सोडली, दाणा दाणा चिवडला, पुन्हा बांधली. केर काढला, पुन्हा सोडली. वाल गार पडले, बुळबुळीत झाले, वास मारू लागले. सोमवार मीठभातावर सोडला. आवडी रडली.

दुसरा सोमवार जवळ आला. आवडीनं वाल भिजत घातले, फडक्यात बांधले, उबेला दडपले. ह्या खेपेला नाही बघायचं म्हणाली, आणि सोमवारी दुपारपर्यंत सगळं फडकं चिवडून बसली. वाल उकिरड्यावर गेले. आवडी उंबऱ्यात बसून रडू लागली.

त्याच वेळी शंकर-पार्वतींचं विमान वरून चाललं होतं. पार्वतीनं रडणं ऐकलं, म्हणाली, देवा, बाई गरीब आहे, सोमवार करते आहे, तुम्ही तिला उत्तर का देत नाही? शंकर म्हणाले, "पहिल्याच दिवशी दिलं. दुसरे दिवशी ती विचारायला आली, कालचं खरं का? तिचंच काम हाती घेतलं आहे, ते तरी करू द्यावं की नाही?" असं म्हणून त्यांनी कानामागची एक ओली पाकळी काढून टाकली. पार्वतीला हसू आलं, तिची दयाही आली. मग तिनं म्हातारीचं रूप घेतलं, हाती काठी घेतली, आवडीच्या दारी आली. सोमवारचं बिरडं वाढ म्हणाली.

आवडी म्हणाली, "आजीबाई, बिरडं कुठलं? माझ्या हातचे वालसुद्धा रुजत नाहीत." म्हातारीनं फडकं बघितलं, उकिरडा बघितला, सगळं ओळखलं. म्हणाली, बाई बाई, वाल काही उजेडात रुजत नाहीत. तुला वसा सांगते, तो घे. आवडी म्हणाली, सांगा आजीबाई. म्हातारी म्हणाली, "सांगितलं तर उघडशील, चिवडशील, घेतला वसा टाकून देशील." आवडी म्हणाली, "उघडणार नाही, चिवडणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

मग म्हातारीनं वसा सांगितला. शनिवारी वाल भिजत घालावे. रविवारी उपसावे, स्वच्छ फडक्यात बांधावे, महादेवाचं नाव घ्यावं, मनातलं एकदाच सांगावं, एकच गाठ मारावी. उबेला दडपावे आणि पाठ फिरवावी. मग उघडू नये, चाचपू नये, कौल लावू नये. हातचं काम करावं, आल्यागेल्याला पाणी द्यावं. सोमवारी दिवस कलला की गाठ सोडावी. गाठ मारणं आपलं, मोड आणणं देवाचं. एवढं सांगून म्हातारी गूळपाणी घेऊन निघून गेली.

नारळी पुनव झाली. कोळ्यांनी समुद्राला नारळ वाहिला, होड्या पाण्यात लोटल्या. तिसऱ्या सोमवारचे वाल आवडीनं रविवारीच बांधले. मनातलं सांगितलं, गाठ मारली, दडपले, पाठ फिरवली. कौलाला गेली नाही. गुरव देवळाच्या दारात वाट बघून चकित झाला.

सोमवारी सकाळी दोन कोळी धावत आले. बाहेर समुद्रात मोडकी डोलकाठी तरंगताना दिसली म्हणाले, तिच्यावर हरबाचं शेंदराचं त्रिशूळ होतं. सासूनं अंग टाकलं. आळीतल्या बाया गोळा झाल्या, पदर डोळ्यांना लावून बसल्या. एक म्हणाली, आता बांगड्यांचं बघा. दुसरी म्हणाली, निदान एकदा कौल तरी लाव. गुरवबाबा पाकळ्या ओंजळीत घेऊनच आला होता.

आवडीनं ओळखलं. डोलकाठी त्यांचीच, ते त्रिशूळ तिनंच रेखलं होतं. तिला रडू फुटलं, तिनं ते फुटू दिलं. हात आपसूक चुलीकडे गेला, गाठोडीपर्यंत पोचला. मग तिनं हात मागं घेतला, विळी ओढली, नारळ खवायला बसली. गुरवाला म्हणाली, "बाबा, देवाला एकदा सांगून झालंय. पाकळ्या राहू द्या." सासूनं विचारलं, बाई गं, कुणासाठी खवतेस? आवडी म्हणाली, "सासूबाई, त्यांचं पान धरून तीन पानं मांडा." दिवाळी सरल्यापासून त्या घरात दोनच पानं मांडत होते. सासूनं डोळे पुसले, उठली, तीन पाट मांडले.

दिवस कलला. आवडीनं हात जोडले, गाठ सोडली. बघते तर काय, दाण्यादाण्याला पांढरेशुभ्र मोड! तिनं वाल कोमट पाण्यात घातले, परात मधे ठेवली, बायांना म्हणाली, बसलाच आहात तर सोलू लागा. रडायला आलेल्या बाया वाल सोलायला बसल्या. पहिल्या मुठीला मुसमुसत होत्या, दुसऱ्या मुठीला गप्प झाल्या, तिसऱ्या मुठीला एकमेकींच्या सुनांबद्दल बोलू लागल्या. गुरवानं पाकळ्या खिडकीत ठेवल्या आणि तोही सोलू लागला. बिरडं शिजलं, वास आळीभर गेला.

दिवा लावायला आवडी अंगणात आली. खाडीच्या तोंडाशी एक शीड दिसलं. काठी नवी होती, शीड जुनंच होतं, ठिगळ ओळखीचं होतं. हरबा उतरला, अंगणात आला, आईच्या पाया पडला. वाळला होता, पण धडधाकट होता. तिसऱ्या पाटावर बसला, बिरडं तीनदा मागून घेतलं. मग सासूनं विचारलं, बाळा, तू होतास कुठं?

हरबा म्हणाला, वादळात डोलकाठी मोडली, समुद्रात गेली, गलबत एका अनोळखी खाडीत शिरलं. तापानं मी निपचित पडलो. एका जटावाल्या म्हाताऱ्यानं मला झोपडीत नेलं, पेज पाजली, उठवून बसवलं. मग स्वतः रानात जाऊन काठी तोडली, पावसाळाभर तासत बसला. भला माणूस, पण एक नवल होतं. रोज सकाळी त्याच्या अंगाला ओल्या तगरीच्या पाकळ्या चिकटलेल्या असत. तासणं सोडून वेचत बसे, आणि माझ्याकडे बघून मान हलवी. मी विचारलं तर म्हणाला, "घरचं माणूस आहे, काळजी फार करतं." काल सकाळी मात्र अंगावर एकसुद्धा पाकळी नव्हती. दिवस मावळायच्या आत काठी उभी केली, हात झटकले आणि म्हणाला, जा आता, तुझं पान मांडतील.

बायांनी गुरवाकडे बघितलं, गुरवानं खिडकीतल्या पाकळ्यांकडे बघितलं. आवडीनं तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाही कळलं नाही. दुसरे दिवशी देवळी गेली, हरबाला बरोबर नेलं. काही विचारलं नाही. कोरडं फडकं घेतलं आणि देवाचं अंग नीट पुसून काढलं.

जसा महादेव आवडीसाठी काठी तासत बसला, तसा तो तुमच्याआमच्यासाठीही कुठंतरी बसला असेल, त्याला त्याचं काम करू द्या. जसं तिच्या घरी तिसरं पान भरलं, तसं तुमच्या घरचं एकही पान रिकामं न राहो. साठा उत्तरांच्या कहाणीची पाचा उत्तरांत गाठ सुटली, मोड आले, सुफळ संपूर्ण झाली. आता अक्षता वाहा, आणि चला, वाल सोलायचे आहेत.