शेवंतीची थाळी

निवडणूक संपली, गुलाल धुऊन निघाला, पण शेवंती राऊळची बंदूक काही पोलीस ठाण्यातून सुटेना. रानडुकरांपासून भात राखायला सासऱ्याच्या वेळेपासून परवाना होता. दर निवडणुकीला बंदूक जमा करायची आणि नंतर परत आणायची, हा शिरस्ताच. यंदा मात्र गावानं 'शेतीच्या बंदुका जमा करायच्याच कशाला?' म्हणून हायकोर्टात दाद मागितली, आणि फौजदार हिरवे फुरंगटून बसले.

"कोर्टात गेलात ना? मग निकाल येईपर्यंत थांबा. डुक्कर आलं तर थाळी वाजवा. आवाजानं पळतं ते."

शेवंतीचा जीव थाऱ्यावर नव्हता. रोज सकाळी वकिलाला फोन लावायचा, आणि रोज आणखी एक खाचर आडवं झालेलं बघायचं. शेवटी ती ठाण्यात गेली. "सायबानू, एकदा येवन नुकसान तरी बघा." वेळ तिनं मुद्दाम दिवेलागणीची दिली.

हिरवे बांधावर उभे राहिले, तोच भात सळसळलं आणि हातभर अंतरावर सुळेवाला दांडगा डुक्कर उभा राहिला. साहेबांनी पिस्तूल उपसलं. शेवंतीनं पदराखालची थाळी पुढे धरली.

"सायबानू, पिस्तूल आत ठेवा. कोर्टाचो निकाल अजून येऊक नाय. तोपर्यंत थाळी वाजवा."

घामाघूम साहेबांनी पिस्तुलाच्या मुठीनंच थाळी बडवली. डुकरानं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा भातात तोंड घातलं.

हायकोर्टाचा निकाल अजून आलेला नाही. बंदूक मात्र दुसऱ्याच दिवशी घरी आली.